मदतीचे माप

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला आली होती. पावसाने उसंत घेतली नव्हती. कुर्बानीचे वाटे पोचवून, पाहुण्यांचे उरकून घरोघरच्या बायकांनी रात्री उशिरा पाठ टेकली. त्याच रात्री चिपळुणात वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी चढू लागले. २२ तारीख उजाडली तेव्हा बाजारपेठ पाण्याखाली होती. तळमजले बुडाले होते आणि माणसे माळ्यावर, गच्चीवर जीव मुठीत धरून बसली होती. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. फ्रिजमधले कुर्बानीचे मांस, कपाटातले ईदचे कपडे, दुकानातला माल, मुलांची दप्तरे, सगळे एका चिखलात गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. आपल्या जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या पोसरे येथेही दरडीखाली घरे गेली.

मिरजोळे ते चिपळूण सुमारे ९० किलोमीटर. आमच्याकडे पूर नव्हता. पण आमच्या कितीतरी घरांतल्या मुली चिपळुणात दिलेल्या आहेत. फोन लागत नव्हते तेव्हा इकडच्या आया रडत होत्या. माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच संध्याकाळी एकाने लिहिले, "मॅडम, आपण काही करायचे का?" मी लिहिले, "करायचेच." रविवारी, २५ जुलैला सकाळी आमची पिकअप भरून निघाली. मुलांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि तो आजही वाटतो.

तरीही त्या दिवशी आमच्या हातून जे झाले, ते आज पालकांसमोर आणि तरुणांसमोर मांडायचे आहे. मदतीच्या कामाचे गोडवे आपण नेहमीच ऐकतो. मदत करताना होणाऱ्या चुका मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक पुरात, प्रत्येक वादळात नवी मुले त्याच चुका पहिल्यापासून करतात.

पिकअपमध्ये काय होते?

जमेल त्याने जमेल ते दिले होते. जुन्या कपड्यांची अकरा गाठोडी, बिस्किटांचे खोके, पाण्याच्या बाटल्या आणि राशनचे साठ किट. प्रत्येक किटमध्ये ५ किलो तांदूळ, १ किलो डाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर आणि चहापावडर. किटवर मुलांनी कौतुकाने कागद चिकटवला होता : 'एका कुटुंबाचे आठवडाभराचे राशन'.

चिपळुणात शिरलो तर रस्त्याच्या कडेला कपड्यांचा डोंगर पडलेला. आमच्यासारख्याच कुणी कुणी आणून टाकलेला. पावसात भिजून त्याला वास सुटला होता. लोकांच्या घरातला चिखल काढायला जागा नव्हती, त्यात आम्ही मदतीच्या नावाने आणखी कचरा नेऊन ठेवला. आमच्या गाठोड्यांत मी स्वतः हात घातला. चेन तुटलेल्या पँट, विटलेल्या साड्या, एका पायाचा बूट. घरी आपण ज्याचे पोतेरे करतो ते आम्ही ९० किलोमीटर वाहून आणले होते.

एका गल्लीत साठीच्या एका बाईंनी किट हातात घेतला, वजन करावे तसा तोलला आणि म्हणाल्या, "बेटा, तांदूळ घेते. पण शिजवू कशात? सिलिंडर वाहून गेला, भांडी चिखलात आहेत. झाडू आहे का तुमच्याकडे? एखादी बादली? फावडे?" आमच्याकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्या सुनेने आमच्यातल्या एका मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारले, पॅड आहेत का? तेही नव्हते. ग्रुपमधल्या सगळ्या चर्चा मुलांनी केल्या होत्या. हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. मी बाई असून माझ्याही आले नाही.

दुपारी पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या पायात चिखलातला पत्रा घुसला. मोठ्या भावाच्या मागे लागून तो स्लिपर घालूनच आला होता आणि आम्ही त्याला घेतले होते. आरोग्य पथकाने त्याची जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. त्या पथकासमोर पूरग्रस्तांची रांग होती आणि आमचा स्वयंसेवक त्या रांगेत पुढे घुसला होता.

यापेक्षा मोठी चूक आम्हाला दुसऱ्या दिवशी रात्री कळली. आखाती देशात नोकरीला असलेल्या एका मुलाचा फोन आला. आमच्यातल्या एकाने वाटपाचे फोटो स्टेटसला ठेवले होते, ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचले होते. फोटोत त्याची आई होती, तीच किट तोलून बघणारी. हात पुढे केलेला, पदर चिखलाने भरलेला आणि बाजूला आमची दोन मुले कॅमेऱ्याकडे बघत हसणारी. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या घरातून दर रमजानला जकात निघते. माझ्या आईने आजवर कुणापुढे हात पसरला नाही. फोटो काढायच्या आधी तिला विचारलेत का?"

विचारले नव्हते. फोटो लगेच काढून टाकला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा सुटलेली गोष्ट परत येत नाही, हे तुम्हा-आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

निय्यत आणि हक

त्या आठवड्यात आम्ही एकत्र बसलो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपली निय्यत तर चांगली होती." बरोबर होते तिचे. कर्मांचे मोल निय्यतीवर ठरते हे आपण लहानपणापासून शिकतो. पण निय्यत आपली आणि अल्लाहची गोष्ट आहे. समोरच्या माणसाच्या पदरात निय्यत पडत नाही, किट पडतो. त्यालाही काही हक आहे की नाही?

कुरआनने याचे उत्तर फार स्पष्ट दिले आहे. ईमानवाल्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा एक हक असतो आणि तो 'मालूम' म्हणजे ठरलेला, ठाऊक असलेला हक असतो, असे सूरह मआरिजमध्ये (७०:२४-२५) सांगितले आहे. देणारा उपकार करत नाही, घेणाऱ्याचे त्याला पोचवतो. सूरह बकरामध्ये आणखी दोन ताकिदी आहेत. उपकार जतावून आणि मन दुखावून आपले दान वाया घालवू नका (२:२६४). आणि जी वस्तू तुम्हाला कुणी दिली तर तुम्ही डोळेझाक करूनच घ्याल, अशी टाकाऊ वस्तू दानासाठी निवडू नका (२:२६७). आमचा फोटो पहिल्या ताकिदीत सापडला होता आणि आमची गाठोडी दुसऱ्या.

सूरह माऊन तर प्रत्येक मुलाला पाठ असते. त्यात दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांचा आणि 'माऊन' अडवून धरणाऱ्यांचा उल्लेख एकापाठोपाठ येतो. माऊन म्हणजे काय, हे सांगताना जुन्या तफसीरकारांनी भांडे, बादली, कुऱ्हाड अशा, शेजाऱ्यांनी एकमेकांना सहज द्यायच्या वस्तूंची नावे घेतली आहेत. ही सूरह मी शेकडो वेळा शिकवली आहे. चिपळुणातल्या त्या बाईंनी बादली मागितली तेव्हा ती मला नव्याने कळली.

जगाने हे माप कसे ठरवले

मुलांपैकी एक जण इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, "मॅडम, मदतीचेही काही स्टँडर्ड असेल ना? पुलाचे असते, तारेचे असते." आम्ही शोधले. होते, आणि त्याला बराच काळ लोटला होता.

१९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात नरसंहार झाला. लाखो माणसे शेजारच्या देशात गोमा शहराभोवती पळून आली. जगभरातून शेकडो संस्था मदतीला धावल्या. तरीही पहिल्या महिन्याभरात कॉलरा आणि हगवणीने सुमारे ५० हजार माणसे मेली. पुढे झालेल्या तपासणीत दिसले की संस्था पुष्कळ होत्या, पण कोणी किती पाणी द्यायचे, किती शौचालये बांधायची, जबाबदारी कोणाची, याचे समान माप नव्हते. यातून १९९७ मध्ये 'स्फिअर' नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि मदतीच्या किमान मानकांची पुस्तिका तयार झाली. २०१८ मध्ये तिची चौथी आवृत्ती निघाली. त्या पुस्तिकेचा पाया दोन वाक्यांत सांगता येतो. आपत्तीत सापडलेल्या माणसाला सन्मानाने जगण्याचा हक आहे. म्हणून मदत मिळणे हाही त्याचा हक आहे. 'मालूम हक' ही कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात परके असे काही वाटू नये.

१९९४ मध्येच रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. तिच्यात दहा तत्त्वे आहेत. मदत देताना वंश, धर्म, राष्ट्र पाहायचे नाही. मदतीच्या आडून धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार करायचा नाही. आणि दहावे तत्त्व असे की आपल्या प्रसिद्धीत आपत्तीग्रस्तांना केविलवाणे म्हणून दाखवायचे नाही, सन्मान असलेली माणसे म्हणून दाखवायचे. आमच्या स्टेटसवरचा फोटो या दहाव्या तत्त्वावर नापास होता.

आपल्या देशातही कायदा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ प्रमाणे राष्ट्रीय प्राधिकरणाने मदतीची किमान मानके ठरवायची असतात. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मदत छावणीत माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा. माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचे पाणी आणि अंघोळ-शौचासाठी किमान १५ लिटर. मोठ्या माणसाला दिवसाला २४०० कॅलरी, लहान मुलाला १७००. दर ३० माणसांमागे एक शौचालय, बायकांसाठी वेगळे आणि छावणीपासून ५० मीटरच्या आत. याच कायद्याचे कलम ६१ सांगते की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही.

हे आकडे कोरडे वाटतील. मी मुलांना वर्गखोली मोजायला लावली. २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्यात मापाप्रमाणे १३ माणसे बसतात. आपण पुरात एका खोलीत चाळीस माणसे कोंबतो आणि 'सोय झाली' म्हणतो. मग खोकला, ताप, बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. अंधारात लांबच्या शौचालयाला जायची भीती वाटते, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत.

आमच्या किटचा हिशेब

मग आम्ही आमचाच किट मोजला. तांदूळ ५ किलो म्हणजे साधारण १७,५०० कॅलरी. डाळीच्या ३,४००, साखरेच्या ४,०००, तेलाच्या ८,२००. एकूण सुमारे ३३ हजार. पाच मोठ्या माणसांच्या घराला दिवसाला २४०० प्रमाणे १२ हजार कॅलरी लागतात. म्हणजे आमचा 'आठवडाभराचा' किट पावणेतीन दिवसांत संपत होता!

फळ्यावर ही बेरीज पूर्ण झाली तेव्हा खोलीत कुणी बोलले नाही. एका मुलाने नुसते एवढे म्हटले, "सूरह मुतफ्फिफीन." मापात मारणाऱ्यांविषयीची ही सूरह. बाजारात दुकानदाराने पाव किलो कमी दिले तर आपण भांडतो. दान घेणारा भांडत नाही, म्हणून तिथे माप नीट असण्याची जबाबदारी दुप्पट होते.

मग साठ घरांना अर्धपोटी द्यायचे की कमी घरांना पोटभर, असा वाद झाला. पाच जणांच्या आठवड्याला १५ किलो तांदूळ-पीठ, ३ किलो डाळ, २ लिटर तेल आणि १ किलो साखर लागते. तेवढ्याच पैशांत मग निम्मीही घरे होणार नव्हती. शेवटी ठरले ते असे : जे द्यायचे ते खरे सांगून द्यायचे. तीन दिवसांचे असेल तर 'तीन दिवसांचे' लिहायचे, म्हणजे घरातली बाई त्याप्रमाणे बेत करील. आणि चौथ्या दिवशी कोण देणार आहे, ते इतर संस्थांना आणि तलाठ्यांना विचारून घ्यायचे. मानके पाळायला आपल्याकडे नेहमी पैसा पुरेल असे नाही. पण खरे बोलायला पैसा लागत नाही.

दुसरी खेप

१ ऑगस्टला, पुढच्या रविवारी, आम्ही पुन्हा गेलो. यावेळी आधी दोघे जण जाऊन विचारून आले होते. एका मुलीने आणि एका मुलाने वही घेऊन तीस घरे फिरली. मुलगी आत बायकांशी बोलली, मुलगा बाहेर पुरुषांशी. दोघांच्या याद्या वेगळ्या निघाल्या! पुरुषांनी पैसे आणि मोटारपंप सांगितले. बायकांनी खराटे, बादल्या, फिनेल, पातेली, पॅड, लहान मुलांच्या चड्ड्या, आणि एका घरात आजोबांची शुगरची गोळी. आम्ही दोन्ही याद्या नेल्या. गोळ्या मात्र स्वतः वाटल्या नाहीत, आरोग्य पथकाला नाव कळवले.

त्या बाईंच्या घरी गेलो. फोटो टाकणाऱ्या मुलाने खाली मान घालून माफी मागितली. त्यांनी जवळ घेतले वगैरे काही झाले नाही. म्हणाल्या, "किट चांगला होता. फोटो काढायला नको होता." थोडा वेळ गेला. मग आमच्या हातातले खराटे पाहून म्हणाल्या, "माझे घर पोरांनी धुतले. पलीकडच्या काकू एकट्या आहेत, त्यांच्याकडे आधी जा. त्यांच्या देवघरात चिखल आहे, त्यांना विचारून हात लावा." आम्ही गेलो. काकूंनी देवघर स्वतः पुसले. बाकीच्या दोन खोल्या आमच्या मुलांनी धुतल्या. गरज कुणाची आधी, हे गल्लीतल्या माणसांना आपल्यापेक्षा नेहमीच चांगले ठाऊक असते. ते विचारायचे असते, एवढेच.

इथे मला पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या तारुण्यातली एक घटना आठवते. पैगंबरी मिळण्याच्या बरीच वर्षे आधीची. यमनकडच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या आस बिन वाइल या बड्या सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाच्या बाजूने कोण उभे राहणार? तेव्हा मक्केतले काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी करार केला की मक्केत कुणावरही अन्याय झाला, मग तो इथला असो की परका, तर आपण त्याच्या पाठीशी उभे राहू. या 'हिल्फुल फुजूल' करारात आपले प्यारे नबी (स.) तरुणपणी सामील होते. पुढे नबी झाल्यावरही, आज त्या कराराच्या नावाने बोलावले तर मी जाईन, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. तरुणांनी या घटनेकडे नीट बघावे. नुसता दयेचा उमाळा इथे नाही. माणसे एकत्र बसली, त्यांनी शब्द ठरवले आणि त्या शब्दाने स्वतःला बांधून घेतले. मानक म्हणजे दुसरे काय असते?

आमच्या वहीतले नियम

त्या दोन खेपांनंतर आम्ही वहीच्या पहिल्या पानावर काही नियम लिहिले. दर पावसाळ्याआधी ते वाचतो, चुकले असेल तर दुरुस्त करतो.

१. आधी विचारायचे, मग गोळा करायचे. पाहणीला जाणाऱ्या जोडीत एक मुलगी असायलाच हवी.

२. जुने कपडे घ्यायचे नाहीत. नवीन आतले कपडे, टॉवेल, चादरी घ्यायच्या. जी वस्तू आपण आपल्या बहिणीच्या घरी नेणार नाही ती किटमध्ये घालायची नाही.

३. घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येऊ द्यायचा नाही. देणगीदाराला हिशेब हवा असेल तर सामानाचा, पावतीचा, धुतलेल्या गल्लीचा फोटो पाठवायचा.

४. पैशांचे दोन डबे. जकातीचे हकदार कोण हे कुरआनने (९:६०) ठरवून दिले आहे, त्यामुळे जकात वेगळी ठेवायची आणि आलिमांना विचारून खर्च करायची. गल्लीतल्या सर्वांसाठी जे काम, ते लिल्लाह आणि इमदादच्या पैशातून. प्रत्येक रुपयाची नोंद, दोघांच्या सह्या, आणि पंधरा दिवसांत जमाखर्च मशिदीच्या फलकावर.

५. १८ वर्षांखालच्या मुलांनी पॅकिंग, याद्या, फोन यांची कामे करायची. पूरग्रस्त भागात जायचे नाही. मोठ्यांनीही गमबूट आणि हातमोज्यांशिवाय चिखलात उतरायचे नाही. चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून जाण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारायचे. घरच्यांना सांगून निघायचे.

६. पाणी बाटल्यांनी पुरत नाही. विहिरी साफ करणे, टीसीएल पावडर किती टाकायची हे ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य विभागाच्या माणसाकडून करून घेणे, घरोघर पाणी साठवायला झाकणाचे भांडे देणे, हे जास्त उपयोगी.

७. तहसील कार्यालयाला कळवल्याशिवाय जायचे नाही. एकाच गल्लीत पाच गाड्या आणि पलीकडच्या वाडीत एकही नाही, असे त्यामुळेच होते.

८. किटवर तक्रारीसाठी फोन नंबर. तक्रार आली तर उलट बोलायचे नाही, वहीत लिहायची. मदत करणाऱ्या संस्थांसाठी जगभर मान्य झालेल्या 'कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड'च्या नऊ वचनांपैकी एक हेच आहे, की लोकांना तक्रार करता आली पाहिजे आणि तिची दखल घेतली गेली पाहिजे. त्या आखातातल्या मुलाचा फोन ही आमची पहिली तक्रार. ती वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिलेली आहे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलींना अशा कामाला पाठवायला आपल्याकडे घरचे कचरतात. काळजी रास्त आहे. मुलींच्या सोबत मोठ्या बायका असाव्यात, अंधार पडायच्या आत परत यावे, कुठे जाणार ते लेखी ठरलेले असावे. एवढे करून मुलींना पाठवा. पुरातल्या बाईची गरज मुलगाच विचारणार असेल तर ती बाई तोंड उघडणार नाही आणि तिचा हक तिच्यापर्यंत पोचणार नाही.

मुलांसाठी शिक्षणाच्या वाटाही आहेत. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासून सुरू असलेली. दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. बरेच जण प्रमाणपत्रापुरते तास भरतात. तेच तास प्रथमोपचार आणि सर्वेक्षण शिकण्यात घालवले तर सोने होईल. केंद्राची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये पूरप्रवण जिल्ह्यांतून सुरू झाली, तिच्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण असते. आता एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइडच्या मुलांसाठी 'युवा आपदा मित्र' आहे. आपल्या मुलाला यात रस असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा.

आणि पूर चिपळुणातच येतो असे नाही. २०१९ च्या जुलैत तिवरे धरण रात्री फुटले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरे नेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले. आमचे मिरजोळे एमआयडीसीला लागून आहे, तिथल्या धोक्यांचाही विचार करावा लागतो. म्हणून दरवर्षी मे महिन्यात आमची मुले मोहल्ल्यात फिरून एक यादी करतात. अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरत आलेली बाई कोणत्या घरी, कोणाला रोजची गोळी, एकटे कोण राहते, टेम्पो कोणाचा, कोणाच्या विहिरीचे पाणी गोड. यादीत शेजारच्या वाडीतली घरेही असतात. एका वहीची चार पाने भरतात, खर्च शून्य.

गेल्या मेमध्ये ती यादी करायला तोच मुलगा पुढे होता, ज्याच्या पायात पत्रा घुसला होता. आता तो १८ चा झाला आहे. पहिल्याच घरी त्याने दार वाजवून सलाम केला आणि विचारले, "खाला, फोटो काढायचा नाहीये. फक्त तुमची काही अडचण असेल तर लिहून घ्यायची आहे." खालाने त्याला आत बसवले, पाणी दिले आणि अर्धा तास सांगत राहिल्या.

या मे महिन्यात तुमच्या मोहल्ल्यातही अशी एक वही होऊ द्या. अल्लाह आपल्या मुलांच्या हातून होणारे काम कबूल करो आणि त्यांचे माप पुरे ठेवो. आमीन.